बाल्कनीवाली खोली

सुरतेजवळच्या भेस्तानच्या पंडित धुडकू पाटलांना सूतवाल्या कंपनीने बोटीची सफर दिली, ही बातमी कळली त्या दिवशी त्यांच्या लूमखात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, सगळ्या कामगारांना पेढे वाटले गेले. अठ्ठ्याण्णव साल होतं. वर्षभर एकाच कंपनीचं सूत उचललेल्या कारखानदारांना कंपनी सिंगापूरला नेणार होती, आणि तिथून मोठ्या बोटीवर चार दिवस समुद्रात फिरवून आणणार होती. नवरा-बायको दोघांचं तिकीट. जेवणाला बरोबर गुजराती महाराज, म्हणजे आचारी.

पंडितआप्पा मूळचे अमळनेरकडचे. लग्न झाल्या झाल्या बायकोला घेऊन ते सुरतेत आले, कतारगामला दुसऱ्याच्या लूमवर बाराबारा तास उभे राहिले, आणि पुढे पंचवीस वर्षांत भेस्तानला स्वतःचं खातं उभं केलं. माणूस बोलका. लग्नाकार्यात चार जण जमले की आप्पांभोवती घोळका व्हायचा. त्यांच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या, आणि त्यातली कुलपाची गोष्ट लोक मुद्दाम सांगायला लावायचे.

"कतारगामच्या चाळीत आमची खोली," आप्पा सुरू करायचे, "आजूबाजूला सगळे बिनबायकांचे गडी. मी पाळीला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचो. माझी लक्ष्मी आत सुरक्षित. तर एक दिवस काय, कुलपाला ही एवढी खोक! कोणी तरी दगडाने ठेचलेलं. चोर! पण कुलूप काही तुटलं नाही पठ्ठ्याचं. तरी मी दुसऱ्याच दिवशी जाऊन अलीगढचं दुप्पट मोठं कुलूप आणलं. म्हटलं, आता ये लेका!"

लोक हसायचे. त्यांची बायको मंगलाबाई तेव्हा बायकांत बसलेल्या असायच्या. त्या हसायच्या की नाही, हे आप्पांनी कधी पाहिलं नव्हतं.

सफरीचं ठरलं आणि घरात खोलीवरून चर्चा सुरू झाली. कंपनीने दिलेल्या तिकिटात बोटीच्या पोटातली, बिनखिडकीची खोली होती. वरचे पैसे भरले तर खिडकीवाली मिळत होती, आणि त्याहून जास्त भरले तर स्वतःची बाल्कनी असलेली. मुलगा गजेंद्र हिशेबी. तो म्हणाला, "पप्पा, बोट तीच, जेवण तेच. समुद्र पाहायचा तर वर डेकवर जायचं. खोलीत काय, झोपायलाच जायचं ना?"

सून रंजना म्हणाली, "आईंना तरी विचारा."

"तिला काय विचारायचं? तिला कुठेही चालतं," आप्पा म्हणाले. आणि ते खरंच होतं असं त्यांना वाटत होतं. पंचवीस वर्षांत मंगलाबाईंनी अमुक हवं, तमुक नको, असं कधी म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. रंजनाने एकदा सासूकडे पाहिलं. मंगलाबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

सही करायला दोघांनाही यावं लागेल, असा रिंग रोडवरच्या ठाकोरभाईंचा निरोप आला, म्हणून आप्पांनी बायकोला स्कूटरवर मागे बसवलं. ठाकोरभाई कंपनीच्या वतीने सगळी सफर बघत होते. गोड बोलणारा, पान खाणारा माणूस. त्यांनी कोल्ड्रिंक मागवलं आणि बोटीच्या फोटोंचं जाडजूड चकचकीत पुस्तक टेबलावर उघडलं.

"भाभी, ही तुमची खोली," ते गुजराती वळणाच्या हिंदीत म्हणाले. फोटोत दोन पलंग होते, भिंतीवर आरसा होता, आणि दोन पलंगांच्या मधोमध छतापासून जमिनीपर्यंत झुळझुळीत निळा पडदा होता.

मंगलाबाईंनी फोटो जवळ ओढला. बराच वेळ पाहिला. मग आप्पांकडे वळून घरच्या बोलीत विचारलं, "पडदामांगे काय शे?"

आप्पांनी तेच ठाकोरभाईंना विचारलं. ते हसले. "मागे काही नाही भाभी, भिंत. बंद-बंद वाटू नये म्हणून शोभेला पडदा लावतात."

मंगलाबाईंनी पुस्तक मिटलं. हळूच, नीट, कोपऱ्यावर कोपरा ठेवून.

"माले आशी खोलीमा नही ऱ्हानं," त्या म्हणाल्या.

आप्पांना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. मंगलाबाईंनी पदर दोन्ही मुठींत धरला होता आणि त्या समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"अगं, झोपायलाच तर जायचं," आप्पा हसत म्हणाले. "दिवसभर आपण वर फिरू."

"दार बंद व्हई ना?"

"दार बंद नको व्हायला? चोरीचपाटी झाली म्हणजे?" आणि आप्पांना आपली गोष्टच आठवली. ते ठाकोरभाईंकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ठाकोरभाई, आमची ही तर कुलपातच राहिलेली! तुम्हाला सांगतो, कतारगामला..."

"तुमले ती आग याद शे का?" मंगलाबाईंनी मध्येच विचारलं.

नवरा बोलत असताना मध्येच बोलण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. आप्पा थांबले.

"कसली आग?"

"शेजारनी खोलीमा लागनी व्हती."

आप्पांना अंधूक आठवलं. शेजारच्या खोलीत निंबा नावाचा गडी राहायचा, तो कारखान्यातल्या सुताच्या चिंध्या भरून ठेवायचा. त्याचा स्टोव्ह भडकला होता. थोडं जळालं होतं. "हो, ती होय. त्याचं काय?"

आणि मग ठाकोरभाईंच्या एसी ऑफिसात, फुटणाऱ्या बुडबुड्यांच्या दोन बाटल्यांसमोर, मंगलाबाईंनी सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. त्या दिवशी आप्पांची दिवसपाळी होती. बाहेरून कुलूप होतं. चिंध्या पेटल्या आणि वरच्या पत्र्याच्या फटीतून धूर त्यांच्या खोलीत उतरू लागला. खोलीला खिडकी नव्हती. त्यांनी दार ठोकलं, लाथा मारल्या. पोटात गजेंद्र होता. समोरच्या कलाबाई धावत आल्या, पण किल्ली आप्पांच्या खिशात, आप्पा कारखान्यात. कलाबाईंनी बाहेरून ओरडून सांगितलं, जमिनीवर आडवी हो, दाराखालच्या फटीला तोंड लाव. मग त्यांनी ओली गोधडी फटीतून आत ढकलायला सुरुवात केली, जेवढी ढकलली गेली तेवढी. मंगलाबाई ती तोंडावर घेऊन, गाल फरशीला लावून पडून राहिल्या. फटीतून लोकांचे पाय दिसत होते. इकडून तिकडे धावणारे नुसते पाय. ते पायच आपलं शेवटचं दर्शन, असं त्यांना वाटलं होतं.

आग विझली. धूर मात्र खोलीत संध्याकाळपर्यंत राहिला.

"सांजले तुम्ही येयनात," मंगलाबाई म्हणाल्या. "कुलूप उघडं. लोकेस्नी सांगं, शेजारे आग लागनी व्हती. तुम्हीन माले इचारं, 'सामानले काही व्हयनं नही ना?'"

ठाकोरभाईंना अहिराणी सगळी कळली नसावी. पण त्यांनी चघळणं थांबवलं होतं.

"माले का नही सांगं?" आप्पा कसेबसे म्हणाले.

"सांगनं व्हतं. तुम्ही जेवनात, झोपी ग्यात. सकाय व्हयनी, कुलूप लाईसन निंघी ग्यात."

सह्या झाल्या नाहीत. "घरी विचार करून सांगा पंडितभाई, घाई नाही," एवढं ठाकोरभाई म्हणाले आणि त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं.

परतताना स्कूटरवर आप्पांना मागे बसलेल्या बाईचं वजन वेगळंच जाणवत होतं. रोजची बायको घेऊन निघालो आणि परतताना दुसरीच कोणी बसली, असं. उधन्याच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा काही तरी बोलावं म्हणून त्यांनी मान वळवली. मंगलाबाई रस्त्यापलीकडच्या उसाच्या गुऱ्हाळाकडे पाहत होत्या. चेहरा रोजचाच. तो रोजचाच आहे हे पाहून आप्पा जास्त घाबरले. म्हणजे हे सगळं रोज तिच्या चेहऱ्यामागे होतं, आणि आपण समोर बसून वाढून घेत होतो.

घरी गेल्यावर मंगलाबाईंनी स्वयंपाक केला. गजेंद्रने विचारलं, "झालं का बुकिंग?" आप्पा म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी आप्पा खात्यावर गेले आणि परत निघाले. कुठे जातोय ते कोणाला सांगितलं नाही. थेट कतारगाम गाठलं. रस्ते रुंद झाले होते. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर महानगरपालिकेने शहर धुऊन काढलं होतं, आणि जुन्या चाळीच्या निम्म्या खोल्या पाडून तिथे हिऱ्यांचा मोठा कारखाना झाला होता. कलाबाई मात्र तिथेच होत्या, उरलेल्या रांगेतल्या शेवटच्या खोलीत. आता पार म्हाताऱ्या, दाराशी बाजेवर बसून गहू निवडत.

आप्पा त्यांच्या पाया पडले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग आगीचं विचारलं.

कलाबाईंनी सुपातून मान वर केली. "आते येयना का इचाराले?" त्या म्हणाल्या. आत्ता आलास होय विचारायला. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

"मला कालच कळलं, आक्का."

"तिनेच मला शपथ घातली होती, सांगू नको म्हणून. मला आधी वाटलं, तुला सांगावं. पण ती म्हणाली, मी ओरडले म्हणून दाराशी सगळे गडी गोळा झाले, ते यांना कळलं तर रागावतील."

आप्पा ऐकत राहिले. आग लागली होती, पोटात लेकरू होतं, आणि सुटका झाल्यावर तिला भीती कशाची वाटली, तर आपली.

"मी तुला त्या वेळी कधी मारलं होतं का तिला?" ते म्हणाले. त्यांचं वाक्यही सरळ येईना. "म्हणजे, आक्का, मी कधी हात उगारला होता का तिच्यावर?"

"नाही. तू चांगलाच होतास," कलाबाई म्हणाल्या. "कुलूप सगळेच लावायचे रे. तुझं तेवढं जाड होतं. मी मसाला वाटायचा दगड घेऊन त्याच्यावर किती घातला. माझी मनगटं सुजली, पण ते काही तुटेना."

आप्पांना क्षणभर काहीच समजलं नाही. मग समजलं.

खोक पडलेलं कुलूप. चोर. अलीगढ.

ते बाजेच्या कडेवर बसले होते, ते उठले, आणि उठून कुठे जायचं ते न कळून तिथेच उभे राहिले. एक बाई आपल्या बायकोचा जीव वाचवायला दगडाने ज्या कुलपावर घाव घालत होती, त्याच कुलपावरची खोक पाहून आपण दुसऱ्या दिवशी जास्त मजबूत कुलूप आणलं. आणि ही गोष्ट पंचवीस वर्षं लग्नाच्या मांडवात सांगितली. हसवून हसवून. बायको चार हातांवर बसलेली असताना.

"पाणी देऊ का?" कलाबाईंनी विचारलं.

आप्पांनी मान हलवली. ते गल्लीच्या तोंडाशी येऊन नळाच्या ओट्यावर बसले. हिऱ्याच्या कारखान्यातली पोरं चहाच्या सुट्टीला बाहेर आली, परत आत गेली, तरी ते तिथेच होते. लूमच्या पट्ट्यात हात सापडलेला माणूस त्यांनी एकदा पाहिला होता. तो ओरडला नव्हता, नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला होता. आप्पांचं आता तसंच झालं होतं.

तिथून ते तडक ठाकोरभाईंकडे गेले आणि बाल्कनीवाली खोली सांगून, फरकाचे पैसे भरून घरी आले. घरात शिरता शिरताच त्यांनी ते जाहीर केलं. गजेंद्र म्हणाला, "पप्पा, एवढे पैसे?" आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते मंगलाबाईंकडे पाहत होते. आता तिचा चेहरा फुलेल, आता ती काही तरी म्हणेल.

मंगलाबाई म्हणाल्या, "माले न इचारता?"

रंजनाच्या हातातली ताटली तशीच राहिली. आप्पांना वाटलं होतं, प्रायश्चित्त घेऊन आलो. पण पुन्हा तेच केलं होतं. हिला कुठली खोली, हे याही वेळी त्यांनीच ठरवलं होतं.

"तुला बंद खोली नको होती ना," ते चाचरत म्हणाले.

"तठे बाल्कनी ऱ्हाई, पन दार मझारथीन उघडस का?" मंगलाबाईंनी विचारलं. दार आतून उघडतं का, एवढंच त्यांना हवं होतं. कालही तेच विचारायचं होतं. खिडकी, समुद्र, गार वारा, हे सगळं नंतरचं.

आप्पा फोनपाशी गेले. ठाकोरभाईंना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की बोटीवरच्या प्रत्येक खोलीचं दार आतून नुसत्या मुठीने उघडतं, कायदाच आहे तसा, आणि चाव्या दोन देतात, एक नवऱ्याला, एक बायकोला. आप्पांनी ते सांगितलं. मग त्यांना जाणवलं, आणि त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

मंगलाबाईंना परक्या पुरुषाशी फोनवर बोलताना घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मोडक्या गुजरातीत विचारायला सुरुवात केली. बाल्कनी केवढी असते? दोन माणसं बसतात का? कठडा केवढा उंच? वारा फार लागतो का? झोपताना बाल्कनीचं दार उघडं ठेवलं तर चालतं का? बोट हलली तर बाल्कनीत जास्त हलतं का? खिडकीवाल्या खोलीची खिडकी उघडते का? नाही? नुसती काच? पलीकडे ठाकोरभाई एकेक उत्तर देत होते. शेवटी त्यांनी म्हणे प्रामाणिकपणे सांगितलं, भाभी, बरेच लोक बाल्कनीचे पैसे भरतात आणि दिवसभर वर जेवणाच्या हॉलमध्ये बसतात, तुम्हीही विचार करा.

मंगलाबाईंनी फोन ठेवला आणि विचार केला. त्या दिवशी केला, दुसऱ्या दिवशीही केला. गजेंद्र कुरकुरला, रंजना गप्प हसली, आप्पा पायांत मांजर घोटाळावं तसे स्वयंपाकघराच्या दाराशी घोटाळत राहिले. काय ठरवते, याची त्यांना धास्तीच वाटत होती. ही बाई 'मी येतच नाही' म्हणू शकते, हे त्यांना आता कळलं होतं. आठ दिवसांपूर्वी ते त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

"बाल्कनीवालीच ऱ्हाऊ द्या," तिसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी कापता कापता त्या म्हणाल्या. "खिडकी उघडत नही म्हंतस. मंग नुसती काच पाहीसन काय करनं?"

सिंगापूरला बोट पाहिली तेव्हा सुरतचे सगळे लूमवाले माना वर करून आ वासून उभे राहिले. धक्क्यावर कोणी तरी आख्खी वस्ती आणून उभी केल्यासारखी ती दिसत होती. मंगलाबाईंनी आपली चावी, म्हणजे एक पत्त्यासारखं प्लॅस्टिकचं कार्ड, ब्लाऊजमध्ये जपून ठेवलं. खोलीत शिरल्यावर पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही, की नवऱ्याला बाहेर उभं करून दार लावून घेतलं, आणि आतून उघडून पाहिलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. जाणारे-येणारे बघत होते. आप्पा गालिच्यावर हात बांधून उभे राहिले. खाली मान घालून.

बाल्कनी लहान होती. दोन खुर्च्या आणि एक तिपाई. खाली फार खोल हिरवं पाणी.

दुपारी मंडळी वर पत्ते खेळायला गेली. आप्पा गेले नाहीत. ते आणि मंगलाबाई बाल्कनीत बसले. कारखान्यालगतच्या घरात लूमची खडखड, पोरं, पाहुणे, टेंपोवाले. दोघंच दोघं अशी समोरासमोर किती वर्षांत बसली नव्हती.

"मन्हं चुकनं," आप्पा म्हणाले. हे शब्द त्यांनी सुरतेपासून घोकत आणले होते.

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या, जुनं झालं. तिने आजवर प्रत्येक वेळी तसंच म्हटलं होतं.

"हां," मंगलाबाई म्हणाल्या. "चुकनं."

आणि त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. समुद्राकडे पाहत पुढे बोलू लागल्या. आग हा त्यातला एकच दिवस होता. बाकीच्या दिवसांचं त्यांनी सांगितलं. सकाळी कुलूप लागल्यावर दुपारपर्यंत त्या दाराला कान लावून बसायच्या, बायका नळावर काय बोलतात ते ऐकायला. अंधारात तांदूळ निवडायला बोटांनी शिकल्या. एकदा आतल्या माठातलं पाणी संपलं होतं. एकदा नैसर्गिक विधीची पंचाईत झाली होती, आणि ते सांगताना आज इतक्या वर्षांनीही त्यांचा चेहरा शरमेने लाल झाला. अमळनेरहून वडील भेटायला आले, दाराला कुलूप पाहून घरी कोणी नाही असं समजले आणि परत निघाले. त्यांनी आतून हाक मारली, तेव्हा म्हातारा दाराशी बसून राहिला. बापलेकीने दारातून गप्पा मारल्या, आणि जाताना बापाने फटीतून गुळाचा खडा आत सरकवला. पुढच्या वर्षी ते वारले.

"दत्तू मामा आले होते?" आप्पा पुटपुटले. सासरा येऊन गेला होता. आपल्या दारातून परत गेला होता. आणि तोही आप्पांना कधी काही बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशीही त्या बोलल्या. तिसऱ्या दिवशीही. सलग नाही, मध्येच उठून त्या एकट्याच बोट हिंडून यायच्या, लूमवाल्यांच्या बायकांबरोबर गाणी ऐकायला बसायच्या, आइस्क्रीम खाऊन यायच्या. परत येऊन खुर्चीत टेकल्या की आठवेल ते सांगायच्या. आप्पा मध्ये एक शब्द बोलायचे नाहीत. लग्नाच्या मांडवात तासतास बोलणारा माणूस, पण त्या चार दिवसांत त्याने बायकोच्या दहाव्या हिश्श्याइतकंही तोंड उघडलं नसेल. एखादं ऐकून ते कठडा घट्ट धरायचे. मंगलाबाई थांबायच्या, आणि नवऱ्याला श्वास आला की पुढे सांगायच्या.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या हॉलमध्ये कतारगामच्याच एका लूमवाल्याने आप्पांची पाठ थोपटली. "शुं पंडितभाई, बाल्कनीचे पैसे वसूल? समुद्र कसा दिसतो खोलीतून?"

आप्पा गोंधळले. चार दिवस बाल्कनीत बसूनही समुद्र नीटसा पाहिलाच नव्हता, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्यांनी मंगलाबाईंकडे पाहिलं.

"वसूल," मंगलाबाई गुजरातीत म्हणाल्या. "पुढच्या वेळी तुम्हीही तीच घ्या. पण आधी भाभीला विचारा." आणि पुरी कढईतली गरम आहे का, हे पाहायला त्या महाराजांकडे निघून गेल्या.